पहिले दुपटे

त्या वर्षी मी सातवीत होतो. माझी ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ जन्मले, की बाळंतविडा करण्याची आपल्याकडे रीत आहे. कुंची, झबली, टोपडी आणि अंगावर घालायला मऊ दुपटे, हे सारे घरच्या माणसांनी हाताने शिवायचे. आई असती, तर तिने हे काम दुसऱ्या कोणाला करू दिले नसते. परंतु आई जाऊन दोन वर्षे झाली होती आणि आजीला सुईचे नेढे दिसेनासे झाले होते.

एके दिवशी आजीने ट्रंकेतून आईचे जुने नऊवारी लुगडे काढले. ती म्हणाली, "याचे दुपटे व्हायला हवे. शिवशील ना तू?"

मी गोंधळून म्हणालो, "आजी, शिवणकाम तर मुली करतात!"

आजी हसली. "पेठेतला शिंपी काय मुलगी आहे? आणि नामदेव महाराज कोणाच्या घरी जन्मले, सांग पाहू."

संत नामदेवांचा जन्म १२७० साली शिंप्याच्या घरी झाला, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. मी मुकाट्याने कात्री उचलली. पण लुगड्याजवळ नेताच माझा हात थबकला. आईचे लुगडे कापायचे कसे?

"अरे, ट्रंकेत त्याला कसर लागेल," आजी हळूच म्हणाली, "बाळाच्या अंगावर ते नांदेल."

लुगडे मधोमध विरले होते. तेवढा भाग टाळून आम्ही दोन हात लांब व दोन हात रुंद असे चार तुकडे कापले. शंभरदा धुतलेले सुती कापड बाळाच्या कोवळ्या अंगाला खरखरत नाही. शिवाय थरांमध्ये हवा कोंडून राहते आणि अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे मी पुढे विज्ञानात शिकलो. आजीला ते अनुभवाने ठाऊक होते.

चारही तुकडे एकावर एक पसरून आम्ही सुरकुत्या काढल्या, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि थर हलू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घातले. मग कडा आत दुमडून मी धावदोरा घालू लागलो. काम लवकर संपावे, म्हणून मी भराभर सुई चालवली. संध्याकाळपर्यंत पाच ओळी झाल्या. मी मोठ्या ऐटीने दुपटे आजीपुढे ठेवले.

आजीने त्यावरून बोटे फिरवली. डोळ्यांना न दिसलेले तिच्या बोटांना दिसले. "हे टाके फार लांब आहेत. बाळाच्या पायाची बोटे त्यांत अडकतील. आणि ही गाठ वर राहिली आहे, ती टोचेल. उसव."

मला रडू कोसळले. दुसऱ्याच दिवशी ताईला मुलगी झाली. बारसे बाराव्या दिवशी होते आणि मी पुन्हा पहिल्या टाक्यावर आलो होतो! पण आता घाई केली नाही. लांब दोरा गुंततो, म्हणून हातभरच दोरा घेतला. गाठ थरांच्या आत लपवली. प्रत्येक टाका तांदळाच्या दाण्याएवढा घातला. बोटाला सुई टोचली, तेव्हा आजीने आपले अंगुस्तान माझ्या बोटात घातले.

बारशाच्या आदल्या रात्री शेवटची ओळ झाली. पाहतो तो ती एका कोपऱ्यात वाकडी गेलेली! मी उसवायला निघालो, तोच आजीने माझा हात धरला. "राहू दे. टाके बारीक आहेत. वाकडी ओळ बाळाला टोचत नाही."

दुसऱ्या दिवशी बाळ त्या दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवले. ताई वाकून पाहू लागली आणि तिचा हात काठावर थांबला. "हा तर आईच्या लुगड्याचा काठ!" एवढेच ती बोलली. मग तिने ती वाकडी ओळ पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि मला जवळ ओढले.

त्यानंतर मी पुष्कळ शिवणकाम केले. आता माझ्या ओळी सरळ येतात. तरीही काम संपले, की मी डोळे मिटून त्यावरून एकदा बोटे फिरवतो.