नवी गाडी, जुनं दुखणं : तारकर्लीच्या होमस्टेवाल्याची फाइल

या आठवड्याच्या व्हिडिओत गाडीचा विषय मी दहा मिनिटांत उरकला. कायद्याचा भाग तर फारच घाईत झाला, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. गाडी धंद्यासाठी घेणार असाल तर हे बुकिंगच्या आधी वाचा. घेऊन झाली असेल आणि डोकं दुखत असेल, तर फाइल काढून शेजारी ठेवा आणि मग वाचा.

तारकर्लीत एक होमस्टेवाला आहे, माझ्या बॅचचा विद्यार्थी. नाव सांगत नाही, गाडीच्या कंपनीचंही सांगत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. चार खोल्या, बायको स्वयंपाक बघते, हा पाहुणे बघतो. कोकणकन्येने कुडाळला उतरणाऱ्या पाहुण्यांना आणायला दरवेळी बाहेरची गाडी सांगावी लागायची. पैसे दुसऱ्याला जायचे आणि गाडी उशिरा आली की शिव्या याला पडायच्या. म्हणून कर्ज काढून सात सीटची गाडी घेतली, पिवळ्या पाटीची, परमिटसह. चालवतो स्वतःच.

तिसऱ्या महिन्यात दुखणं सुरू झालं. चढावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडीचा दम जातो, ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ती रांगतच राहते. बंद करून दहा मिनिटांनी चालू केली की पुन्हा ठणठणीत. वर्कशॉपमध्ये नेली की काहीच होत नाही. त्याच्याच शब्दांत, "सर, गाडी तेंच्याकडे गेली काय शाणी होता, घराकडे इली की परत तसाच!"

चार वेळा गाडी वर्कशॉपला गेली. एकदा आंबोली घाटात पाच पाहुण्यांसह बंद पडली, त्यात दोन लहान मुलं. त्या पाहुण्यांनी पैसे पूर्ण दिले, पण पुढच्या वर्षीचं बुकिंग रद्द केलं. हा तोटा कुठल्याच बिलात दिसत नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा फार चिडलेला होता. मी म्हटलं, आधी जॉब कार्ड दाखव.

इथेच खरी गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, रडूच यावं. पहिल्या दोन जॉब कार्डांवर लिहिलं होतं, "जनरल चेकअप, वॉशिंग". दम जाण्याची तक्रार काउंटरवरच्या मुलाला याने तोंडी सांगितली होती. त्याने मान हलवली, कार्ड पुढे केलं आणि याने सही केली. तिसऱ्या कार्डावर "पिकअप कमी" एवढंच. चौथ्यावर तक्रार नीट होती, पण खाली शेरा "तपासली, दोष आढळला नाही". आणि त्याखाली याचीच सही, "काम समाधानकारक" या छापील ओळीवर! कागदोपत्री त्याची गाडी उत्तम चालत होती.

जॉब कार्ड ही तुमची पावती नाही, तुमची साक्ष आहे. काउंटरवर घाई असते, मागे रांग असते, मान्य. तरी तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. आम्ही पाचव्या खेपेला असं लिहून दिलं : "चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागतो व गाडीची ताकद अचानक जाते. बंद करून सुमारे दहा मिनिटांनी चालू केल्यास पूर्ववत होते. हीच तक्रार यापूर्वी चार वेळा केली आहे. चढावर, पाच माणसे बसवून, माझ्यासमोर चाचणी घ्यावी. स्कॅनरमधील एरर कोडची प्रत द्यावी." गाडी परत घेताना सहीच्या वर लिहायचं, "दोष कायम, तक्रार राखून गाडी ताब्यात घेतली". कोणी अडवलं तर त्याच दिवशी हेच ईमेलने पाठवायचं.

एरर कोडचं महत्त्व समजून घ्या. आजच्या गाडीत सेन्सरला काही गडबड वाटली की संगणक इंजिनची ताकद मुद्दाम कमी करतो, इंजिन वाचावं म्हणून. त्याची नोंद मेमरीत राहते. बऱ्याचदा त्या क्षणाचा वेग आणि इंजिनचं तापमानही त्यासोबत सापडतं. पण वर्कशॉपमध्ये कोड पुसून टाकला की ती नोंद गेली. म्हणून दिवा लागला की बाजूला थांबा, मोबाइलवर दिवा आणि किलोमीटर एका चौकटीत घ्या, आणि कोड पुसण्याआधी प्रत मागा. आपल्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने कनेक्टरला हिरवट गंज चढतो. असा गंज धरलेला किंवा सैल कनेक्टर हलला की दोष येतो आणि जातो. हा माझा अंदाज आहे, निदान नाही.

आता थोडं आपल्या बाजूचंही. पाहुण्यांच्या हट्टासाठी गाडी वाळूत उतरवून खाऱ्या पाण्यातून फोटो काढले असतील, बाहेरून वायर कापून लाइट-स्पीकर लावले असतील, तर वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. याने रिव्हर्स कॅमेरा बाहेरून बसवला होता. तो आम्ही काढला, आणि नंतरही दोष आला हे लिहून ठेवलं.

यानंतरचा मुद्दा प्रत्येक उद्योजकाने दोनदा वाचावा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 (लागू 20 जुलै 2020) "व्यावसायिक हेतूने" घेतलेल्या वस्तूला संरक्षण देत नाही. मग पिवळ्या पाटीची गाडी? कायद्यातच खुलासा आहे : केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच आहे. 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे उदाहरणांसह सांगितलं. स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक, मदतीला एक-दोन माणसं असली तरी ग्राहक. पण गाडी घेऊन ती पूर्णपणे दुसऱ्यानेच चालवायची असेल, तर तो ग्राहक नाही. आपला होमस्टेवाला त्याच महिन्यात पगारी ड्रायव्हर ठेवणार होता, स्वतः स्टीअरिंगला हातही लावणार नव्हता. मी थांबवलं. तक्रारीच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहायचं, "गाडी माझ्या नावावर आहे, मी स्वतः चालवतो, हेच माझ्या उपजीविकेचं साधन आहे".

"सर, मला नवीन गाडीच पाहिजे!" हा त्याचा दुसरा हट्ट. साहजिक आहे. पण 2006 मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात, क्लचच्या तक्रारीवर गाडी बदलून देण्याचा खालचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. वॉरंटीत भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं एवढंच वचन होतं, म्हणून. ग्राहकाला 50,000 रुपये मिळाले, गाडी नाही. त्यामुळे मागणी पायऱ्यांनी मांडा : दोष कायमचा दूर करा, तो भाग बदला, त्या भागाची वॉरंटी वाढवा, बुडालेल्या फेऱ्यांची भरपाई द्या, आणि दोष दुरुस्त होण्यासारखा नसेल तर गाडी बदला किंवा पैसे परत करा. दोष मूळ उत्पादनातलाच आहे हे म्हणण्यासाठी तुमचा संताप पुरत नाही, जाणकाराचा लेखी अहवाल लागतो. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथल्या मेकॅनिकलच्या प्राध्यापकांना विनंती करून बघ, असं मी सुचवलंय.

शेजारच्या गोव्यातलं एक प्रकरणही लक्षात ठेवा. ग्राहकाने 2011 मध्ये नवी म्हणून पूर्ण पैसे मोजले आणि हाती आली 2009 ची गाडी, 622 किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी 2021 मध्ये टाटा मोटर्स जबाबदारीतून सुटली, कारण कंपनीविरुद्ध तक्रारीत नेमका आरोपच नव्हता. डीलरची जबाबदारी कायम राहिली. म्हणजे डीलरने काय चुकवलं आणि कंपनीने काय, हे वेगवेगळं लिहा. आणि डिलिव्हरी घेताना पेढे वाटण्याआधी किलोमीटर आणि उत्पादनाचा महिना बघा!

बाकीची माहिती पटकन. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आधी तिथे नोंद करा. मग डीलर आणि कंपनी दोघांना पोचपावतीसह स्पीड पोस्टने नोटीस. त्यानंतर जिल्हा आयोग. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर तिथेच, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. गाडी कोल्हापुरात घेतली म्हणून कोल्हापूरला हेलपाटे नकोत. फी 5 लाखांपर्यंत काही नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400. ऑनलाइनही भरता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. गाडी वर्कशॉपला ये-जा करतेय म्हणून ती आपोआप थांबेल असं धरून चालू नका. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाचं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागेल असं धरूनच पैशांचं नियोजन करा.

हप्ता मात्र थांबवायचा नाही. बँकेचं भांडण गाडीच्या दोषाशी नाही, सिबिल तुमचा बिघडेल.

आता त्याच्या गाडीत एक वही असते. तारीख, किलोमीटर, रस्ता, किती माणसं, दिवा लागला का, बाहेरची गाडी सांगावी लागली तर तिचं भाडं आणि पावती. गेल्या सहा आठवड्यांत अकरा नोंदी झाल्यात, त्यातल्या सात चौक्याच्या अलीकडच्या चढावर. ते बघून कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर पहिल्यांदाच स्वतः येतो म्हणालाय, येत्या मंगळवारी. होमस्टेवाल्याने त्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी दुसरी गाडी आधीच सांगून ठेवलीय आणि स्वतःच्या गाडीत इंजिनिअरसोबत बसायला शेजारचे चौघे तयार केलेत, वजन व्हावं म्हणून.