जैविक प्रयोगशाळेतील निर्वात पंप : योग्य तेलाची निवड

हुमणीसाठी मेटारायझियम, रसशोषक किडींसाठी बिव्हेरिया अशा मित्रबुरशींचे मूळ संवर्धन दीर्घकाळ टिकवण्यासाठी जैविक कीडनियंत्रण प्रयोगशाळांत शीतशुष्कीकरण यंत्र, म्हणजेच फ्रीझ ड्रायर, वापरले जाते. या यंत्राच्या निर्वात पंपात अयोग्य तेल असल्यास संवर्धन नीट वाळत नाही, साठवणुकीत त्याची जिवंतता घटते आणि त्यावर आधारित पुढील उत्पादन धोक्यात येते.

तेलाचे कार्य

फिरत्या पात्यांच्या पंपात तेल केवळ वंगण नसते. पाती आणि पंपाची भिंत यांमधील सूक्ष्म फट तेलाच्या थरानेच बंद होते. शिवाय तेल उष्णता वाहून नेते व गंज रोखते. गोठलेल्या नमुन्यातील बर्फाची थेट वाफ होण्यासाठी कक्षातील पाण्याच्या वाफेचा दाब बर्फाच्या बाष्पदाबापेक्षा कमी असावा लागतो. उणे ४० अंश सेल्सिअसला हा बाष्पदाब सुमारे ०.१३ मिलिबार असतो. तेल बाष्पशील असेल किंवा त्यात पाणी मिसळले असेल, तर तेलातूनच वाफ सुटते, दाब पुरेसा उतरत नाही आणि नमुना वितळून फेसाळतो.

निवड करताना

• पंपाच्या माहितीपुस्तिकेतील तेलाचा प्रकार व स्निग्धता प्रथम पाहावी. ‘आयएसओ व्हीजी ६८’ किंवा ‘१००’ यांतील अंक ४० अंश सेल्सिअसची स्निग्धता दर्शवतो. तेल फार पातळ असल्यास फट बंद होत नाही. फार घट्ट असल्यास थंडीत मोटरवर ताण येतो.
• मुख्यतः पाण्याची वाफ ओढायची असल्यास निर्वात पंपासाठीचे शुद्ध खनिज तेल सहसा पुरेसे ठरते.
• वाहनाचे इंजिन तेल वापरू नये. त्यातील मळ धरून ठेवणारी द्रव्ये पाण्यालाही तेलातच धरून ठेवतात.
• ऑक्सिजन किंवा तीव्र रसायनांच्या वाफांसाठी फ्लोरिनयुक्त कृत्रिम तेल आणि त्यास अनुरूप पंप लागतो. हे तेल खनिज तेलात मिसळत नाही. म्हणून नुसते तेल बदलून भागत नाही.

निगा

कंडेन्सर पुरेसा थंड झाल्यावरच कक्ष पंपाला जोडावा. त्यापूर्वी, तसेच काम संपल्यावर, कक्षाकडील झडप बंद व गॅस बॅलास्ट झडप उघडी ठेवून पंप सुमारे अर्धा तास चालवावा. त्यामुळे तेलातील ओलावा निघून जातो. तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे, काळपट झाल्यास ते खराब झाले आहे, असे समजावे. पंप थांबवून, तेल कोमट असतानाच बदलावे. वापरलेले तेल गटारात वा शेतात न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावे.

प्रयोगशाळेला भेट देणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांनी पंपावरील तेलदर्शक काच अवश्य पाहावी. तेल स्वच्छ आणि दोन खुणांच्या दरम्यान नसेल, तर नवीन संवर्धन वाळवण्यास घेऊ नये.