घरच्या राउटरची राखण

रावेत येथील बंधाऱ्यातून उचललेले पवनेचे पाणी निगडीच्या केंद्रात शुद्ध होते आणि मगच पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. इंटरनेटचे तसे नाही. रावेतच्या नव्या वसाहतींत पोचलेली इंटरनेटची तार बरे-वाईट सारेच दारापर्यंत आणून सोडते. पुढची निवड घरातील राउटरने करावयाची असते. कार्यालयाचे काम, मुलांचा अभ्यास व बँकेचे व्यवहार याच पेटीतून होतात.

राउटरमध्ये फायरवॉल नावाची व्यवस्था असते. घरातून केलेल्या मागणीचे उत्तर ती आत येऊ देते. न बोलावता आलेल्यास अडविते. परंतु किल्लीच सर्वांना ठाऊक असेल, तर पहारा निरुपयोगी ठरतो. जुलै २०१७ मध्ये, मुख्यतः कर्नाटकात, भारत संचार निगमच्या ग्राहकांचे अनेक मोडेम एका घातक प्रोग्रॅममुळे बंद पडले. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द ज्यांनी बदलला नव्हता, ते मोडेम त्यास सहज बळी पडले. राउटर परक्याच्या हाती गेल्यास तो बँकेऐवजी बनावट पानाकडे वळवू शकतो, किंवा आपल्या नकळत इतरांवर हल्ला करण्यासाठी वापरला जाऊ शकतो.

हे टाळण्यासाठी अर्धा तास पुरेसा आहे. राउटरच्या पाठीवरील पट्टीवर १९२.१६८.१.१ यासारखा पत्ता छापलेला असतो. तो संगणकाच्या ब्राउझरमध्ये लिहिला की व्यवस्थापनाचे पान उघडते. तेथे पुढील गोष्टी कराव्यात :

(१) व्यवस्थापनाचा परवलीचा शब्द बदलावा. तो वाय-फायच्या शब्दाहून वेगळा असावा.

(२) फायरवॉल चालू असल्याची खात्री करावी. बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी.

(३) यूपीएनपी ही सोय घरातील उपकरणांना न विचारता बाहेरची दारे उघडू देते. गरज नसल्यास ती बंद करावी. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीतील अनोळखी नोंदी काढाव्यात.

(४) वाय-फायसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे. जुने डब्ल्यूईपी वापरू नये. डब्ल्यूपीएस बंद करावे.

(५) पाहुणे, कॅमेरे व दूरचित्रवाणी संच यांना वेगळे अतिथी जाळे द्यावे.

(६) राउटरची अंतर्गत प्रणाली, म्हणजे फर्मवेअर, वेळोवेळी अद्ययावत करावी.

केलेले बदल वहीत लिहून ती वही सुरक्षित ठेवावी. काही पर्याय दिसत नसल्यास सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे चौकशी करावी.

फायरवॉलची मर्यादाही ध्यानी घ्यावी. फोनवर आपण होऊन सांगितलेला ओटीपी ती अडवू शकत नाही. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

शाळा आणि ग्रामपंचायतींच्या कार्यालयांनाही हेच लागू आहे. तेथील राउटरमागे एका कुटुंबाची नव्हे, तर साऱ्या गावाची कागदपत्रे असतात. म्हणून दप्तराच्या कपाटाला जसे कुलूप लावतो, तसेच ते राउटरलाही लावले पाहिजे.