चिनी बाहुलीच्या अंगात कोण?

प्रश्न : परवा ओटीटीवर एक चिनी भयपट पाहिला. जुना वाडा, अडगळीत पडलेल्या लाकडी बाहुल्या, रात्री त्या आपोआप जागा बदलतात. दीड तास जीव मुठीत धरून बसलो आणि शेवटी कळलं की भूतबीत काही नव्हतंच, घरातल्याच माणसाचा तो डाव. आपला तात्या विंचू निदान खराखुरा बाहुल्यात तरी शिरतो! चिनी सिनेमात असा पचका नेहमीच होतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बहुतेक वेळा होतो, आणि त्याचं खापर दिग्दर्शकावर फोडण्यात अर्थ नाही. मुख्य भूमी चीनमध्ये अंधश्रद्धेचा प्रचार करणाऱ्या चित्रपटाला मंजुरी मिळत नाही. २००२ पासून लागू झालेल्या चित्रपट नियमावलीत ही अट होती, २०१७ मध्ये अमलात आलेल्या चित्रपट कायद्यातही ती कायम आहे. शिवाय आपल्याकडच्या ‘ए’ सर्टिफिकेटसारखी सोय तिथे नाही. लहानथोर सगळ्यांना एकच कात्री. म्हणून पटकथा लिहितानाच भुताची वासलात लावून ठेवावी लागते. नायिकेला भास होत होते, तिच्या चहात कुणीतरी औषध मिसळत होतं, ते स्वप्न होतं, नाहीतर इस्टेटीसाठी रचलेलं कारस्थान होतं. मृत्युंजय मंत्राने बाहुल्यात शिरणारा तात्या विंचू बीजिंगमध्ये कागदावरच अडला असता.

ही रीत कम्युनिस्टांच्याही आधीची. नॅशनलिस्ट सरकारच्या १९३० च्या चित्रपट कायद्यातही अंधश्रद्धेला बंदी होती. १९३७ मध्ये मा-शू वेइबांग यांनी शांघायला काढलेला ‘साँग ॲट मिडनाइट’ हा चीनचा पहिला भयपट मानला जातो. ओसाड नाट्यगृहात रात्री गाणारं त्यातलं भूत म्हणजे ॲसिडने चेहरा जाळला गेलेला, लपून राहणारा जिवंत नट निघतो.

आता बाहुल्याच का, ते पाहू. भूत खोटं ठरलं की गोष्ट तिथेच संपते. बाहुली खोटी ठरली, तरी तिला हलवणारा कोण, हा प्रश्न उरतो. कायदाही सांभाळला जातो आणि भीतीही शाबूत राहते. चीनमध्ये या भीतीला मोठा इतिहास आहे. इ.स.पू. ९१ मध्ये हान घराण्याचा म्हातारा, आजारी सम्राट वू याच्या मनाने घेतलं की, आपल्यावर कुणीतरी करणी केली आहे. च्यांग चोंग नावाच्या अधिकाऱ्याने राजवाड्यात खणाखणी सुरू केली आणि युवराज ल्यू जूच्या महालात करणीच्या लाकडी बाहुल्या सापडल्या. युवराजाने च्यांगला मारलं, राजधानीच्या रस्त्यांवर लढाई पेटली आणि अखेर युवराजाला जीव द्यावा लागला. त्याची आई, महाराणी वेइ, हिनेही आत्महत्या केली. युवराज निर्दोष असल्याचं सम्राटाला पटलं तेव्हा उशीर झाला होता. बाहुल्या च्यांगनेच पेरल्या, असं पुढे मानलं गेलं. म्हणजे या खऱ्या घटनेचा शेवटही तुमच्या सिनेमासारखाच!

बाहुलीपेक्षा तिला हलवणाऱ्याची भीती मोठी, हे एका जुन्या चित्रातही दिसतं. बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये दक्षिण सोंग काळातल्या ली सोंग या दरबारी चित्रकाराचं पंख्याच्या आकाराचं एक छोटं चित्र आहे. डोक्यावर टोपी आणि अंगात झिरझिरीत झगा घातलेला माणसाएवढा सांगाडा जमिनीवर बसून दोऱ्यांनी एक चिमुकला सांगाडा नाचवतो आहे. एक रांगतं मूल त्या बाहुलीकडे हात पसरून निघालंय आणि मागून एक बाई त्याला धरायला धावते आहे. खेळ दाखवणाऱ्याच्या पाठीशी दुसरी बाई निवांतपणे तान्ह्याला पाजत बसली आहे. जवळच खांद्यावरून वाहायचं बिऱ्हाड टेकवलेलं. फिरत्या खेळियाचा रोजचा संसार वाटावा असं सगळं, फक्त खेळिया मेलेला. त्या लहान बाहुलीचं काही वाटत नाही. नजर जाते ती तिच्या दोऱ्या धरणाऱ्या बोटांकडे. चांगला चिनी बाहुलीपट नेमकं हेच साधतो. वाईट बाहुलीपटात मात्र दोऱ्या शेवटच्या पाच मिनिटांत घाईघाईने चिकटवलेल्या असतात. तुमचा पचका झाला तो बहुधा अशाच सिनेमात.

खरंखुरं भूत हवं असेल तर हाँगकाँग किंवा तैवानचा सिनेमा लावा. तिथली सेन्सॉरची व्यवस्था वेगळी, त्यामुळे भुतांना मोकळं रान. १९८५ चा ‘मिस्टर व्हॅम्पायर’ सुरुवातीला बरा; त्यात उड्या मारत येणारं प्रेत शेवटपर्यंत प्रेतच राहतं. आणि मुख्य भूमीचाच सिनेमा लावलात, तर बाहुली कुठे सरकली हे बघत बसू नका. मृत्युपत्र कुणाच्या कपाटात आहे, तेवढं बघा.