‘टेमेरेअर’ची अखेरची सफर

लंडनच्या नॅशनल गॅलरीत जे. एम. डब्ल्यू. टर्नर या चित्रकाराचे १८३९ मधील एक प्रसिद्ध चित्र आहे. १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत झुंजलेल्या ‘टेमेरेअर’ या ९८ तोफांच्या युद्धनौकेस वाफेवर चालणारी एक बुटकी काळी बोट थेम्स नदीतून ओढून नेत आहे. नौका आता मोडीत निघावयाची आहे. वर्गात हे चित्र दाखविताना ते प्रसंगाची हुबेहूब नोंद मानू नये. १८३८ मध्ये ती ओढली गेली तेव्हा तिच्या डोलकाठ्या अगोदरच उतरविलेल्या होत्या आणि ओढणाऱ्या बोटी दोन होत्या. टर्नरने एक बोट वगळली, डोलकाठ्या मात्र उभ्या ठेवल्या. शिडांच्या युगाचा अस्त त्यांच्यावाचून दिसता ना! बोटीच्या धुराड्यातून निघालेला तांबूस धूर नेमका त्या फिकट डोलकाठ्यांवरून मागे वाहत जातो.