छोट्या हत्तीचा मोठा हप्ता

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आमचं लेथ-मिलिंगचं वर्कशॉप आहे. माल बोम्मसंद्रा आणि व्हाइटफील्डला पोचवायला एक छोटा हत्ती टेम्पो. दर जुलैत त्याचा इन्शुरन्स भरायची वेळ आली की पोटात गोळा येतो. पदरचे पैसे घालून जे कळलं, ते लिहितोय.

१. बिलाचे दोन भाग वेगवेगळे वाचा: थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान, आणि गाडीचं स्वतःचं नुकसान. थर्ड पार्टीचा दर सरकारी, तिथे घासाघीस चालत नाही. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला २०१९ मध्ये तो १५,७४६ रुपये होता, १ जून २०२२ पासून १६,०४९ झाला, वर जीएसटी. वाढ जेमतेम तीनशेची. माझा राग वाढीवर नाही, गटावर आहे. आमची गाडी मालासकट दोन टनही भरत नाही, तरी साडेसात टनी ट्रकाइतकाच हप्ता भरते. त्या ट्रकाची एका खेपेची कमाई आमच्या आठवड्याची असते. लहान गाड्यांचा गट वेगळा व्हायलाच हवा.

२. किरकोळ क्लेम करू नका. बिल खरं फुगतं ते गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या रकान्यात, आणि माझ्या बाबतीत ते माझ्याच हाताने फुगलं. यशवंतपूरला वळताना खांबाला घासून दार चेपलं, बंपर आणि दिवा फुटला. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, कागद चाळून म्हणाला, ‘आयएमटी २३ घेतलेलं नाही तुम्ही.’ तेव्हा समजलं की मालवाहू गाडीत दिवे, बंपर, मडगार्ड, रंगकाम हे त्या जादा कलमाशिवाय धरतच नाहीत, आणि कलम असलं तरी निम्मेच मिळतात. हाती आले ३,८०० रुपये. गेला तो पाच वर्षांचा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. पुन्हा शून्यावरून २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या. गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता सात हजार धरला, तर त्या ३,८०० पायी पाच वर्षांत ८,७५० रुपये जास्त गेले. हा हिशोब मी क्लेमच्या आधी करायला हवा होता.

३. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करू नका. ५ सप्टेंबर २०२२, सोमवार. रात्रभराच्या पावसाने बेळ्ळंदूरकडचा आउटर रिंग रोड तुंबलेला. टेम्पो बंद पडला, पाणी सीटपर्यंत. ड्रायव्हरने घाबरून तीनदा स्टार्टर मारला आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकला. पाणी शिरल्याचं नुकसान विम्यात धरलं, चालू केल्याने झालेलं नाही. इंजिनाचं बिल आम्हीच भरलं. ड्रायव्हरला बोल लावला नाही, कारण किल्लीला हात न लावता क्रेन बोलव, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

४. विम्याची मुदत चुकवू नका. नव्वद दिवसांच्या वर खंड पडला की साठलेला बोनस बुडतो. विम्याशिवाय पकडलं तर पहिल्या वेळी दोन हजार, पुन्हा चार हजार दंड.

५. थर्ड पार्टीला फुकटचा भुर्दंड समजू नका. गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलला आमच्या टेम्पोने स्कूटरवरच्या एका मुलाला उडवलं. मांडीचं हाड मोडलं. त्याची आई हॉस्पिटलच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसली होती, झाकणही उघडलं नव्हतं. अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई विमा कंपनीने भरली. ती रक्कम आमच्या वर्षभराच्या नफ्याहून मोठी होती. तेव्हापासून गटावरून भांडतो, पण हप्ता भरताना कुरकुरत नाही.

६. ड्रायव्हरचं लायसन्स स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ते वैध नसेल, तर कंपनी जखमीला पैसे देऊन तेच मालकाकडून वसूल करू शकते. साध्या लाइट मोटर व्हेइकलच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. पण मुदत आपणच बघायची. आमच्याकडे टेम्पोची किल्ली आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची झेरॉक्स एकाच खिळ्याला टांगलेली असते. मुदत संपायची तारीख लाल पेनाने लिहिलेली. सकाळी किल्ली काढताना ती तारीख आधी दिसते.