संगणकाचें फसलेलें नवीकरण आणि त्यापासून घ्यावयाचा धडा

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरच्या संगणकावर जो प्रसंग गुदरला, त्याची हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे. प्रसंग घरगुतीच आहे. परंतु अशी वेळ आज घरोघरीं येण्याचा संभव आहे, व त्या वेळीं काय करावें यापेक्षां काय करूं नये हें ठाऊक असणें अधिक अगत्याचें आहे.

प्रथम मूळ विषय समजून घेऊं. संगणकाचा पडदा, कळफलक, स्मृति व साठवणीची तबकडी हीं सर्व जड साधनें होत. त्या सर्वांकडून एकमेळानें काम करवून घेणारी जी मुख्य आज्ञावली, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आमच्या संगणकावर विंडोज १० ही प्रणाली होती. ती २०१५ सालीं निघाली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिची नेहमींची मोफत देखभाल संपली. याचा अर्थ संगणक त्या दिवशीं बंद पडला असा नव्हे. तर प्रणालींत पुढें जे सुरक्षेचे दोष सांपडतील, त्यांची दुरुस्ती आपोआप घरीं येणें थांबलें. सबब तीवर विंडोज ११ ही नवी प्रणाली चढवावी असें आम्हीं ठरविलें. नव्या प्रणालीस निदान ४ जीबी स्मृति व ६४ जीबी साठवण लागते, शिवाय टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय यंत्रांत असावी लागते. कित्येक यंत्रांत ही सोय असूनहि बंद ठेवलेली असते, म्हणून यंत्र टाकाऊ ठरविण्यापूर्वीं तेवढें अवश्य तपासावें. आमचें यंत्र २०१९ सालचें. तें या सर्व कसोट्यांस उतरलें.

आतां या कामांत पणास काय लागलें होतें तें सांगितलें पाहिजे. आमचे वडील आज हयात नाहींत. त्यांनीं आपल्या लहानपणच्या शाळेची गोष्ट नातीस सांगितली, ती बारा मिनिटांची कथा त्यांच्या आवाजांत त्या संगणकांत साठविलेली आहे. आमची आई दर रविवारीं ती ऐकते. तिची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. प्रत करावयास हवी हें आम्ही दोन वर्षें म्हणत होतों, व दोन वर्षें पुढें ढकलीत होतों. नवीकरणाच्या दिवशींहि तें काम राहूनच गेलें.

पहिला प्रयत्न थोड्याच वेळांत थांबला आणि पडद्यावर ८००७००७० असा सांकेतिक अंक उमटला. असे अंक पाहून बहुतेक जण खिडकी मिटून टाकतात. आम्हीहि तसेंच करणार होतों. परंतु नववींत शिकणारी आमची पुतणी वही घेऊन बसली होती, तिनें तो लिहून घेतला. हा अंक षोडशमान पद्धतीचा असतो. त्यांत शेवटच्या ७० चा अर्थ सत्तर नव्हे, तर सात गुणिलें सोळा, म्हणजे आपल्या दशमान पद्धतींतील ११२ होय. विंडोजच्या दोषसूचींत ११२ या क्रमांकापुढें ‘तबकडीवर पुरेशी जागा नाहीं’ असें लिहिलेलें आहे. तपासून पाहतां मुख्य भागांत केवळ ९ जीबी जागा मोकळी निघाली. वस्तुतः अशा कामास निदान २० जीबी तरी असावी. जो अंक निरर्थक वाटला होता, तो आपल्या परीनें स्वच्छ बोलत होता. आम्हीं मात्र त्याची भाषा शिकलों नव्हतों.

निरुपयोगी फायली काढून जागा केली, आणि उतावळेपणानें, प्रत न करतांच, दुसरा प्रयत्न सुरू केला. या वेळीं काम बरेंच पुढें गेलें. मग यंत्र बंद होऊन पुन्हां सुरू झालें, पडदा काळा झाला, आणि केलेले बदल मागें घेतले जात आहेत अशी सूचना दिसूं लागली. पंधरा मिनिटें झालीं, अर्धा तास झाला, सूचना हालेना. शेजारच्या एका गृहस्थांनीं सल्ला दिला कीं, बटण दाबून धरा, म्हणजे सुटका होईल. पुतणीनें विचारलें, “काका, दाबूं का?” आई दारांत उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. पण ती कशाचा विचार करीत होती हें आम्हांस कळत होतें.

बटण दाबावें असें आमच्याहि मनांत आलें होतें. सुदैवानें आम्ही थांबलों. अशा वेळीं यंत्र स्वस्थ बसलेलें नसतें. नव्या प्रणालीचें बस्तान बसलें नाहीं असें दिसतांच तें जुनी प्रणाली जागच्या जागीं परत मांडीत असतें. मध्येंच वीज तोडल्यास अर्धें जुनें व अर्धें नवें अशी स्थिति होऊन यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो. याकरितां तबकडीची हालचाल चालू असल्याचा दिवा लुकलुकत असेतों धीर धरावा. सुमारें पाऊण तासानें जुना पडदा पूर्ववत् उजळला. आम्हीं प्रथम ती बारा मिनिटांची कथा लावली. आवाज आला. त्याच रात्रीं तिची एक प्रत बाहेरच्या तबकडीवर व दुसरी धाकट्या बंधूंच्या घरीं पाठविली, आणि त्या दोन्ही प्रती उघडून ऐकल्या. कारण न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.

दुसऱ्या अपयशाचा अंक निराळा होता. तो सी१९००१०१ असून त्यापुढें २००१७ अशी जोड होती. याचा उलगडा होण्यास नवीकरणाचे चार टप्पे ठाऊक हवेत. पहिल्या टप्प्यांत जुनी प्रणाली चालू असतांनाच पूर्वतयारी होते; दुसऱ्यांत यंत्र एका लहानशा तात्पुरत्या प्रणालीवर चालून मुख्य मांडणी करतें; तिसऱ्यांत नवी प्रणाली प्रथम जागी होते; आणि चौथ्यांत ती दुसऱ्यांदा जागी होऊन काम पुरें करते. जोडअंकांतील आरंभींचा २ हा टप्प्याचा क्रमांक होय. म्हणजे अडचण दुसऱ्या टप्प्यांत आली होती. आणि सी१९००१०१ हा अंक बहुधा ड्रायव्हरच्या दोषाकडे बोट दाखवितो. ड्रायव्हर म्हणजे प्रणाली व एखादें जोडयंत्र यांमधील दुभाषा. दुभाष्यास नवी भाषा येत नसेल तर दोघांचा संवाद तुटतो.

म्हणून तिसऱ्या वेळीं आम्हीं मुद्रणयंत्र, कॅमेरा, वाय-फायचें बोटाएवढें जुनें यंत्र अशीं सर्व जोडयंत्रें काढलीं; केवळ पडदा, कळफलक व माऊस ठेविले. तरीहि तोच अंक आला! येथें आमची खरी परीक्षा झाली. चिडून सर्व कांहीं पुसून टाकावें व नव्यानें आरंभ करावा, असा मोह पडतो. पण पुतणी म्हणाली, “काका, यंत्र काढलें, पण त्याचा दुभाषा आंतच राहिला असेल ना?” हा प्रश्न बिनतोड होता. नवीकरण फसलें म्हणजे त्याची सविस्तर नोंद तबकडीवर एका लपविलेल्या कप्प्यांत राहते, आणि सेटअपडायग नांवाचें मायक्रोसॉफ्टचें मोफत साधन ती वाचून सारांश देतें. त्या सारांशांत वाय-फायच्या त्या जुन्या यंत्राच्या ड्रायव्हरचेंच नांव निघालें. घरांत इंटरनेटची तार आल्यापासून तें यंत्र कोणी वापरीत नव्हतें. डिव्हाइस मॅनेजरमध्यें लपलेलीं यंत्रें दाखविण्याची आज्ञा देऊन आम्हीं त्याची नोंद ड्रायव्हरसह काढून टाकली. चौथ्या प्रयत्नांत नवी प्रणाली निर्वेधपणें बसली.

नवीकरण यशस्वी झाल्यावरहि जुनी प्रणाली सामान्यतः दहा दिवस बाजूस राखून ठेविलेली असते, व तेवढ्या मुदतींत परत फिरतां येतें. म्हणून जागा हवी या हव्यासानें ती लगेच पुसूं नये. प्रथम मुद्रणयंत्र, आवाज, नेहमींचीं कामें, सर्व ठीक चालतें कीं नाहीं तें पाहावें.

या सर्वांतून विद्यार्थ्यांनीं घ्यावयाचा बोध असा. काम आरंभण्यापूर्वीं जें पुन्हां मिळणार नाहीं त्याची प्रत करावी. दोषाचा अंक दिसतांच तो तारीख व वेळ यांसह वहींत उतरावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर यश आलें तरी तें कशामुळें आलें हें कळत नाहीं, व अपयश आलें तर घोटाळा दुणावतो. जो उपाय एकदां निष्फळ ठरला, तो कारण न शोधतां पुनःपुन्हां करूं नये. प्रयोगशाळेंत आपण जी शिस्त पाळतों तीच ही होय.

पालकांसहि एक विनंती आहे. संगणक बिघडला म्हणजे मुलांस ‘हात लावूं नको’ असें आपण सहज म्हणतों. त्याऐवजीं त्यांच्या हातीं एक वही द्यावी, व काय झालें, केव्हां झालें, त्यापूर्वीं काय केलें होतें, हें लिहावयास सांगावें. पुढें दुरुस्ती करणाऱ्याकडे जावें लागलें तरी ती वही त्याचे कित्येक तास व आपले पैसे वांचवील. आमच्या घरीं ती वही आतां संगणकाशेजारींच असते. तिच्या पहिल्या पानावर पुतणीनें दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं प्रती तपासण्याची आठवण लिहिली आहे, आणि त्या दिवशीं कथा ऐकतांना आई एकदां बाहेरच्या तबकडीवरची प्रत लावावयास सांगते.